पन्नाशीनंतरचं धावणं : नोंदी कशा ठेवायच्या आणि लक्ष्य कसं ठरवायचं

कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली. २०१६ मध्ये, ८५व्या वर्षी, त्याच शहरात तेवढंच अंतर धावायला त्यांना ३ तास ५६ मिनिटं ३४ सेकंद लागले. नुसतं घड्याळ पाहिलं तर बारा वर्षांत तासाभराहून जास्त घसरण दिसते. प्रत्यक्षात दोन्ही धावा त्या त्या वयोगटातले तेव्हाचे जागतिक विक्रम होते.

उशिरा धावायला लागलेल्या किंवा मधल्या काळात सोडून पुन्हा सुरू केलेल्या माणसाची अडचण नेमकी ही आहे. मिनिट-सेकंद खोटे बोलत नाहीत, पण एकटे आकडे अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी त्या दिवशी किती जोर लावावा लागला, सावरायला किती दिवस गेले आणि त्या वयाला ती वेळ कशी आहे यांत असते. म्हणून या वयातली वही तिशीतल्या वहीपेक्षा थोडी वेगळी ठेवावी लागते.

आधी डॉक्टर, मग घड्याळ

बरीच वर्षं बैठं आयुष्य गेलं असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर जोरात धावण्याची कुठलीही चाचणी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत. ती घेणाऱ्याने ठोक्यांवर आधारलेले तक्ते बाजूला ठेवायचे आणि फक्त श्रमाच्या अंदाजावर विसंबायचं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांमुळे काहींचे स्नायू दुखतात आणि ते दुखणं धावण्याच्या नावावर खपून जातं. गोळी सुरू झाल्याची किंवा बदलल्याची तारीख वहीत लिहिलेली असली की हा गोंधळ लवकर सुटतो.

धावताना छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, ठोके अनियमित पडल्यासारखं वाटणं, नेहमीपेक्षा वेगळीच धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. वहीत लिहिणं नंतर.

पायरी १ : वही उघडा, पण रकाने कमी ठेवा

कागदी वही चालते, मोबाइलमधलं अ‍ॅप चालतं, संगणकावरची शीटही चालते. नवखे लोक पहिल्या आठवड्यात वीस रकाने आखतात आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. पुरेसे रकाने असे: तारीख, अंतर, एकूण वेळ, श्रम (किती जोर लागला, १ ते १०), हवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शरीर कसं होतं. शेवटी एका ओळीची मोकळी जागा, 'डाव्या पोटरीत ओढ', 'रात्री झोप नाही', 'नवे बूट' असं काही टिपायला.

यातला सर्वांत मोलाचा रकाना दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा, आणि तोच सगळे गाळतात. धाव संपल्यावर जवळजवळ सगळ्यांनाच बरं वाटतं. खरा हिशोब अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना, जिना उतरताना कळतो. त्यासाठी ० ते ३ असा साधा आकडा पुरतो: ० म्हणजे काहीच जाणवलं नाही, १ म्हणजे थोडा ताठरपणा, पाच मिनिटांत गेला, २ म्हणजे तासभर राहिला, ३ म्हणजे दिवसभर राहिला किंवा चाल बदलली.

हवेच्या रकान्यात तापमान आणि दमटपणा. उन्हाळ्यातल्या दमट सकाळची धाव थंडीतल्या धावेशी ताडून पाहिली तर फिटनेस गेला असं उगाच वाटतं. वयानुसार घाम येण्याची क्षमता आणि तहानेची जाणीव दोन्ही मंदावतात, त्यामुळे उष्णतेचा दंड तरुणांपेक्षा जास्त बसतो.

पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, काढताना एक चूक हमखास होते. ६:३० म्हणजे ६.३० मिनिटं नव्हे, ६.५ मिनिटं. त्यामुळे आधी सगळ्याचे सेकंद करा. ५ किमीला ३३:४० लागले तर ३३ × ६० + ४० = २०२० सेकंद. भागिले ५, म्हणजे ४०४ सेकंद, म्हणजेच किलोमीटरला ६:४४. शीटमध्ये लिहीत असाल तर ६:४४ एवढंच टाकू नका, संगणक ते सहा तास चव्वेचाळीस मिनिटं समजतो. ०:०६:४४ असं लिहा.

बुटांची एकूण धाव वेगळी मोजत राहा. साधारण ५०० ते ८०० किमीच्या दरम्यान बहुतेक जोड्यांची गादी बसते. वरून बूट चांगला दिसतो, म्हणून लक्षात येत नाही, आणि मग गुडघ्याला दोष लागतो.

पायरी २ : अंतर खरं आहे ना, हे पाहा

वेळ सेकंदापर्यंत मोजायची आणि अंतर अंदाजाने धरायचं, याला काही अर्थ नाही. जीपीएस घड्याळ मोकळ्या मैदानात बरं चालतं. उंच इमारती, दाट झाडी, पूल, बोगदे आणि सतत वळणारी वाट आली की ते भरकटतं. घड्याळाला उपग्रह सापडण्याआधीच धावायला सुरुवात केली तर पहिला अर्धा किलोमीटर वाया जातो. बाहेर येऊन एक-दोन मिनिटं स्थिर उभं राहा, मग बटण दाबा. धावताना पडद्यावर क्षणाक्षणाचा पेस ठेवू नका. तो ५:५० आणि ७:१० मध्ये नाचत राहतो आणि त्याच्या मागे धावणाऱ्यालाही नाचवतो. चालू लॅपचा, म्हणजे घड्याळ वेगळ्या मोजत असलेल्या टप्प्याचा, सरासरी पेस ठेवा.

चाचणीसाठी ४०० मीटरचा ट्रॅक सर्वोत्तम, पण आतल्या पहिल्या लेनमध्येच. ४०० मीटर हे माप आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर घेतलेलं असतं. बाहेरच्या लेनमध्ये प्रत्येक फेरीला अंतर वाढतं: दुसऱ्या लेनला सुमारे ७ मीटर, त्यापुढे प्रत्येक लेनला साधारण साडेसात मीटरहून थोडं जास्त. चौथ्या लेनमध्ये साडेबारा फेऱ्या मारल्या तर ५ किमीऐवजी जवळजवळ ५.२८ किमी होतात. वरच्या ६:४४ च्या पेसने हा फरक जवळपास दोन मिनिटांचा झाला. एवढी सुधारणा करायला एखादा वर्षभर राबतो. पहिली लेन मिळत नसेल तर कुठलीही एक लेन कायम ठेवा आणि तिचं अंतर एकदा हिशोबाने काढून घ्या.

स्पर्धेत उलटा प्रकार होतो. प्रमाणित मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात, शिवाय तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. तुम्ही प्रत्येक वळण इतकं काटेकोर कापत नाही, त्यात जीपीएसची चूक मिसळते, आणि १० किमीच्या शेवटी घड्याळ १०.१ ते १०.२ दाखवतं. 'मार्ग लांब होता' अशी तक्रार मग सगळीकडे ऐकू येते. त्यापेक्षा आधीच हिशोब करा. १० किमी एका तासात हवेत आणि घड्याळ १०.१५ दाखवण्याची शक्यता आहे, तर घड्याळावर ६:०० नव्हे, ५:५५ चा पेस दिसायला हवा.

नोंदीत धावेचा प्रकारही लिहा: प्रमाणित स्पर्धा, ट्रॅक, की नुसता जीपीएस. या भेदाची किंमत मोठी असू शकते. अमेरिकेच्या जीन डाइक्स यांनी २०१८ मध्ये, सत्तरीत, २:५४:२३ ची मॅरेथॉन धावली. व्हिटलॉक यांच्या विक्रमाहून ती २५ सेकंदांनी वेगवान होती, पण स्पर्धेला अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेची मान्यता घेतलेली नव्हती म्हणून विक्रम धरला गेला नाही. आपल्याला जागतिक विक्रम करायचा नसतो हे खरं, तरी स्वतःच्या विक्रमाच्या पानावर फक्त मोजलेल्या अंतराच्या वेळा असाव्यात.

पायरी ३ : ठोके आणि श्रम

कमाल ठोक्यांचं '२२० वजा वय' हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. २००१ मध्ये आलेलं दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, मोठ्या वयाला जास्त जवळ जातं. साठीच्या माणसाला पहिलं १६० देतं, दुसरं १६६. दोन्ही मोठ्या गटाच्या सरासरीवर आधारलेली आहेत. एकेका माणसाचा खरा आकडा त्याहून १०-१२ ठोके वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे. घड्याळ वयावरून आपोआप ठोक्यांचे जे झोन (हलका, मध्यम, जोराचा असे टप्पे) आखून देतं, ते यामुळेच अनेकांना लागू पडत नाहीत. सहज गप्पा मारत धावणाऱ्याला ते 'अतिश्रम' म्हणून पिवळं-लाल दाखवतं आणि माणूस घाबरतो.

त्यापेक्षा बोलून पाहा. पूर्ण वाक्यं सलग बोलता येत असतील तर ती हलकी धाव, श्रम ३-४. चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर मध्यम, ५-६. एखाद-दुसरा शब्दच निघत असेल तर ७-८ च्या वर. हे जुनाट वाटेल, पण ज्याला बॅटरी लागत नाही आणि ज्यावर औषधाचा परिणाम होत नाही असं दुसरं साधन नाही.

मनगटावरचं घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने ठोके मोजतं. पट्टा सैल असेल, हात थंड असतील, तर ते कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडतं. हलक्या धावेत अचानक १६५-१७० दिसलं आणि तो आकडा कितीही हळू झालात तरी हलला नाही, तर पावलं मोजून पाहा, बहुधा तेच निघेल. अचूक आकडा हवा असेल तर छातीचा पट्टा घ्या.

श्रमाचा आकडा मिनिटांनी गुणला की त्या दिवसाचा भार मिळतो. श्रम ३ ने ४० मिनिटं म्हणजे १२०. श्रम ८ ने २५ मिनिटं म्हणजे २००. किलोमीटर पाहिले तर दुसरी धाव लहान वाटते, शरीराच्या खात्यात ती मोठी पडते. आठवड्याचा एकूण भार आणि सकाळचे ०-३ आकडे शेजारी ठेवून पाहा, आपली मर्यादा कुठे आहे ते महिन्या-दोन महिन्यांत दिसायला लागतं.

सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजा. दोन आठवड्यांत तुमची नेहमीची पातळी कळेल. ती सलग दोन दिवस पाच-सात ठोक्यांनी चढलेली असेल तर झोप कमी पडली आहे, पाणी कमी पडलं आहे, किंवा आजार येऊ घातला आहे. त्या दिवशीचा जोराचा व्यायाम पुढे ढकला.

पायरी ४ : चार आठवडे नुसतं लिहा, मग चाचणी

पहिल्याच रविवारी जीव तोडून ५ किमी धावून 'माझी सुरुवात इथून' असं ठरवणं ही या वयातल्या पोटरीच्या आणि टाचेच्या दुखापतींची मोठी वाट आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. टाचेवरची अकिलीस आणि इतर कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) महिने घेतात. चार आठवडे हलकी धाव, किंवा धाव आणि चाल आलटून पालटून, आणि फक्त नोंदी.

मग चाचणी. नवख्यांसाठी ३ किमी पुरे. ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. त्यातून सावरायला दोन-तीन दिवस लागतात, ५ किमीच्या जोराच्या धावेतून बऱ्याचदा त्याहून जास्त.

१. आदले दोन दिवस हलके किंवा विश्रांतीचे. जेवण होऊन किमान दोन-तीन तास झालेले.
२. पंधरा मिनिटं वॉर्म-अप: चालणं, मग हळू धावणं, शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार मोकळ्या, थोड्या वेगवान धावा, मध्ये पूर्ण विश्रांती. वयस्क शरीराला चालू व्हायला वेळ लागतो. वॉर्म-अप आखडता घेतला की पहिला किलोमीटर फुकट जातो.
३. पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून. 'हे फार हळू होतंय' असं वाटलं पाहिजे.
४. प्रत्येक किलोमीटरचा वेळ वेगळा नोंदवा. शेवटी श्रमाचा आकडा आणि ठोके.
५. पुढच्या दोन सकाळी ०-३ चा आकडा विसरू नका.

समजा वेळा आल्या ६:३६, ६:३५, ६:२४. एकूण १९:३५. ही चांगली चाचणी, आकड्यावर विश्वास ठेवा. वेळा ६:०५, ६:४०, ७:०० अशा आल्या, तर एकूण १९:४५ ही तुमची क्षमता नसून सुरुवातीच्या घाईचा दंड आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा घ्या. एरवी सहा ते आठ आठवड्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला स्वतःची परीक्षा घेणारा सराव करायचा विसरतो.

ज्यांना जोराची चाचणी नको किंवा डॉक्टरांची मनाई आहे, त्यांच्यासाठी दुसरी रीत. त्याच वाटेवर, त्याच सुमाराच्या हवेत, वॉर्म-अपनंतर ३० मिनिटं ठोके एका ठरावीक आकड्याच्या आसपास ठेवून धावायचं, बोलता येईल असा आकडा निवडून, समजा १३०. किती अंतर झालं ते लिहायचं. मार्चमध्ये ३.९ किमी आणि मे महिन्यात ४.१ किमी झाले, तर त्याच श्रमात शरीर जास्त काम करू लागलं आहे. ज्येष्ठांसाठी ही चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिने काही मोडत नाही आणि ती दर तीन-चार आठवड्यांनी घेता येते. फक्त उष्ण दिवशी घेऊ नका, उन्हात ठोके आपोआप चढत जातात.

पायरी ५ : वयाचा हिशोब

एज ग्रेडिंग ही रीत ज्येष्ठ धावपटूंच्या जागतिक संघटनेच्या, वर्ल्ड मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सच्या, तक्त्यांवर चालते. प्रत्येक वयासाठी, स्त्री आणि पुरुष वेगळे, प्रत्येक अंतराची एक मानक वेळ दिलेली असते. ती ढोबळमानाने त्या वयातल्या जगातल्या सर्वोत्तम धावेइतकी. मानक वेळ भागिले तुमची वेळ, गुणिले शंभर. आलेला आकडा म्हणजे तुमची टक्केवारी. ६० च्या वर स्थानिक पातळी, ७० च्या वर प्रादेशिक, ८० च्या वर राष्ट्रीय, ९० च्या वर जागतिक, असे टप्पे मानले जातात.

हिशोबापुरते आकडे धरू. आज तुमच्या वयाची ५ किमीची मानक वेळ २०:१२ आहे, म्हणजे १२१२ सेकंद, आणि तुम्ही ३३:४० म्हणजे २०२० सेकंदांत धावता. टक्केवारी ६०. पाच वर्षांनी मानक वेळ २१:३० झाली, १२९० सेकंद, आणि तुम्ही ३४:४० मध्ये, म्हणजे २०८० सेकंदांत धावलात. टक्केवारी ६२. वेळ पूर्ण एका मिनिटाने मागे, तरी धावपटू म्हणून तुम्ही दोन अंक पुढे.

दोन गोष्टी सांभाळा. तक्ते अधूनमधून सुधारले जातात, त्यामुळे जुनी आणि नवी धाव एकाच वर्षाच्या तक्त्यावर मोजा. आणि रस्त्यावरच्या धावेचा तक्ता वेगळा, ट्रॅकचा वेगळा. ऑनलाइन गणक वापरताना कुठला निवडला आहे ते पाहा.

याला जोडून आणखी एक रीत: विक्रमाचं पान दर पाच वर्षांनी नवं उघडायचं. मास्टर्स स्पर्धांचे वयोगट पस्तीसपासून पाच-पाच वर्षांचेच असतात. जो पंचविशीपासून धावतोय त्याला साठीत तिशीतल्या वेळांशी झगडत बसण्यात काही मिळत नाही. त्याला 'साठ ते चौसष्ट'चं कोरं पान हवं. उलट अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचं प्रकरण वेगळं. शरीराचं वय ५८, धावण्याचं वय शून्य. त्याच्या वेळा पहिली काही वर्षं सुधारतच जाण्याची चांगली शक्यता असते, आणि त्याने वयाचं कारण आधीच पुढे करू नये.

पायरी ६ : लक्ष्य

अमेरिकी अभियंते पीट रीगल यांचं सूत्र एका अंतरावरून दुसऱ्याचा अंदाज देतं: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात, गुणिले आधीची वेळ. घात काढायची गरज नाही, गुणक पाठ ठेवा. ३ किमीवरून ५ किमी : १.७२. ५ वरून १० : २.०८५. ५ वरून अर्धमॅरेथॉन : ४.६. म्हणजे ३ किमीला १९:३५, तर ५ किमीला सुमारे ३३:४०, १० किमीला १ तास १० मिनिटं, अर्धमॅरेथॉनला २ तास ३५ मिनिटं. शेवटचा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा त्या अंतराचा सराव झालेला असेल. आठवड्याला पंधरा किलोमीटर धावणाऱ्याने या सूत्रावरून २१ किमीचं लक्ष्य ठरवलं तर सोळाव्या किलोमीटरला सूत्र आणि पाय दोन्ही साथ सोडतात. मॅरेथॉनसाठी तर छोट्या अंतरावरून अंदाज बांधूच नका.

किती सुधारणा मागायची? बारा आठवड्यांत तीन टक्के ही समंजस मागणी आहे. २०२० सेकंदांचे तीन टक्के म्हणजे साठेक सेकंद, म्हणून लक्ष्य ३२:४०. नवख्याला याहून जास्त मिळू शकतं, अनेक वर्षं धावणाऱ्याला एक टक्काही पुष्कळ. एकच आकडा मात्र ठरवू नका. सगळं जुळून आलं तर ३२:४०, हवा किंवा झोप बिघडली तर ३३:१५, आणि अगदीच वाईट दिवस असेल तर शेवटचा किलोमीटर पहिल्यापेक्षा हळू न होता धाव पूर्ण. हा तिसरा पर्याय आधी लिहून ठेवलेला असला की वाईट दिवशी हट्टाने स्नायू फाडून घेण्याची पाळी येत नाही.

वेळेचं लक्ष्य सहा आठवड्यांतून एकदा कळतं, कामाचं लक्ष्य रोज. 'बारा आठवड्यांत छत्तीस धावा, चोवीस वेळा ताकदीचा व्यायाम, एकाही सकाळी ३ चा आकडा नाही' हे लक्ष्य पूर्ण केलेल्या माणसाची वेळ बहुधा आपोआप सुधारते.

पायरी ७ : सात दिवसांचा हट्ट सोडा

जोराचा एक दिवस, त्यानंतर पुढच्या जोराच्या दिवसापर्यंत ४८ ते ७२ तास, हा या वयातला हिशोब. यात लांब धावही जोराचीच धरायची. सात दिवसांच्या चौकटीत इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत छोट्या वेगवान धावा), टेम्पो (सलग, जरा जोराची धाव) आणि लांब धाव तिन्ही बसवायला गेलं की सावरायला जागा उरत नाही. म्हणून अनुभवी ज्येष्ठ धावपटू नऊ किंवा दहा दिवसांचं चक्र करतात. दहा दिवसांत तीन जोराचे दिवस, बाकी हलके किंवा विश्रांतीचे. नोकरीमुळे आठवड्याला बांधलेले असाल तर एका आठवड्यात इंटरव्हल आणि लांब धाव, दुसऱ्यात टेम्पो आणि लांब धाव.

किलोमीटर वाढवताना दोन आठवडे थोडे थोडे वाढवा, तिसरा उतरता ठेवा. आलेख पाहताना एका आठवड्याचा आकडा न पाहता चार आठवड्यांची सरासरी पाहा. १८, २२, ९, २३ यांची सरासरी १८ येते. मधला ९ चा आठवडा सर्दीचा होता, तो भरून काढायला पुढच्या आठवड्यात ३० करायचे नसतात. चुकलेली धाव चुकली. ती उधारी फेडायला जाणारेच जास्त जायबंदी होतात.

पायरी ८ : धावण्याबाहेरचे तीन आकडे

वयानुसार वेग घटतो तो मुख्यतः पाऊल लहान पडतं म्हणून. पावलांची लय फारशी बदलत नाही. पावलाची लांबी येते पोटरी, मांडी आणि नितंबाच्या ताकदीतून. म्हणून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम आणि महिन्यातून एकदा हे तीन मोजमाप: हाताची घडी छातीवर घालून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं, भिंतीला बोट टेकून एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उंच उचलता येते, दोन्ही पायांचं वेगळं, आणि एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं, हाताशी आधार ठेवून. दोन पायांतला फरक महत्त्वाचा. उजव्याने बावीस आणि डाव्याने तेरा टाचा उचलल्या जात असतील, तर डावी पोटरी किंवा अकिलीस केव्हातरी बोलणारच. वेग वाढवायच्या आधी तो फरक कमी करा.

वही काय सांगते ते कसं वाचायचं

दर रविवारी पाच मिनिटं द्या. तोच पेस, पण श्रमाचा आकडा ३ वरून ५ वर चढत चालला आहे आणि हवा तीच आहे, तर थकवा साठतोय. एक आठवडा किलोमीटर निम्मे करा. पेस उतरतोय पण श्रमही उतरलाय, तर तुम्ही फक्त सावकाश धावताय, काळजी नको. हलक्या धावा दर आठवड्याला थोड्या थोड्या वेगवान होत आहेत, याचा आनंद होतो खरा, पण बहुतेक वेळा ते हलक्या दिवशी शर्यत लावल्याचं लक्षण असतं. त्यांच्या दुसऱ्या सकाळचे आकडे पाहा. २ दिसायला लागले असतील तर उत्तर मिळालं.

दुखण्यासाठी ० ते १० चा आकडा. २ पर्यंत आणि धावताना न वाढणारं दुखणं चालतं. ३ ते ५ असेल तर अंतर कमी करा, वेगाने धावू नका, आणि दुसऱ्या सकाळी ते वाढलं तर तीन दिवस विश्रांती. त्याहून जास्त असेल किंवा लंगडावं लागत असेल तर तिथून चालत घरी. हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवता येईल असं दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (सततच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची) शंका घेऊन डॉक्टरांना दाखवा. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, म्हणून स्त्रियांनी या खुणेकडे विशेष लक्ष द्यावं.

आजारपण किंवा दुखापतीने खंड पडला तर जुन्या आकड्यांशी तुलना थांबवा आणि वहीत आडवी रेघ मारा. एक आठवड्याचा खंड असेल तर दोन-तीन हलक्या धावांनंतर पूर्ववत. महिन्याचा असेल तर निम्म्या किलोमीटरपासून सुरू करून चार आठवड्यांत वर या. तीन महिन्यांचा असेल तर चालणं आणि धावणं आलटून पालटून, पुन्हा पायरी चारपासून. जोराची चाचणी मात्र सलग चार आठवडे सकाळचा आकडा ० किंवा १ राहिल्याशिवाय घेऊ नका. रेघेखाली तारीख लिहा आणि पहिली नोंद अंतराची न करता मिनिटांची करा: चाल ५, धाव १, चाल २, धाव १, असं वीस मिनिटं.